पिंपात मुरलेली काळी बिअर : चव तपासण्याचा एक धडा



मथळा वाचून काहींच्या भुवया वर जातील हे आम्ही जाणून आहोत. ज्या पानावर खोडवा, पाचट, हुमणी आणि ठिबक यांचे धडे यायचे, त्या पानावर बिअर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, की हा धडा पिण्याचा नाही, तपासण्याचा आहे. ऊस काट्यावर गेला की वजन कळते, पण उतारा कळायला प्रयोगशाळा लागते. खाण्यापिण्याच्या प्रत्येक मालाचे असेच आहे. वजनमापाने अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी नाकाला आणि जिभेला कळते. ती ज्याला वाचता येते तो भाव ठरवतो. ज्याला येत नाही तो मिळेल तो भाव पदरात पाडून घेतो.

निमित्त काय घडले

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नऊ सभासद आंबा घाट उतरून रत्नागिरी जिल्ह्याच्या अभ्यास दौऱ्यावर गेलो होतो. काजू, कोकम आणि आंबा यांवरची प्रक्रिया पाहावी, दापोलीला १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात जाऊन यावे, असा बेत होता. रत्नागिरीत मुक्काम आमच्यातल्याच एका सभासदांच्या बहिणीकडे पडला. कोकणातल्या पुष्कळ घरांतला एखादा तरी मुलगा बोटीवर नोकरीला असतो, तसा त्यांचाही आहे. तो नुकताच रजेवर आला होता. जेवणाआधी त्याने एक छोटी बाटली आणून मेजावर ठेवली आणि म्हणाला, "मामा, तुम्ही सगळे ऊसवाले. ह्या बिअरला काकवीचा वास येतो असं बोटीवरचे गोरे सांगतात. खरं की खोटं ते तुम्हीच सांगा."

बाटली तीनशे तीस मिलिलिटरची. लेबलावर लिहिलेले त्याने वाचून दाखवले : स्टाऊट जातीची काळी बिअर, मद्यार्क अकरा टक्के, लाल वाईनच्या ओक लाकडी पिंपात बारा महिने मुरवलेली. नऊ जणांपैकी परवाना असलेले आम्ही पाच जण चवीला बसलो. दोन भगिनी सभासद आणि आमचे आबा यांनी फक्त वास घ्यायचे ठरवले. गाडी चालवणाऱ्याने वाससुद्धा नको म्हणून कोकम सरबतावर भागवले, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो.

काळी बिअर म्हणजे काय

बिअर जवापासून होते. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मग वाळवतात. मोड आले की दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर होण्याची तयारी होते. हा मोडाचा जव भरडून गरम पाण्यात ठेवला की गोड रस निघतो. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले उकळतात, मग किण्व घालतात. किण्व साखर खाते आणि मद्यार्क व वायू सोडते. आपल्या आसवनीत मळीच्या बाबतीत घडते तेच हे, फरक इतकाच की बिअरमध्ये पुढे ऊर्ध्वपातन नसते.

काळा रंग कुठून येतो? काही जव कॉफीसारखा काळा होईपर्यंत भाजतात म्हणून. लंडनमध्ये १८१७ साली डॅनियल व्हीलर याने कॉफीच्या धर्तीवर फिरत्या पिंपात जव भाजण्याचे यंत्र काढले. तेव्हापासून थोड्याशा भाजक्या जवाने सगळी बिअर काळी करणे सोपे झाले. त्याआधीपासून लंडनला पोर्टर नावाची गडद बिअर होती. हमालांची आवडती म्हणून तिला पोर्टर नाव पडले. तिच्यातली जी कडक ती स्टाऊट. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियाच्या राणी कॅथरीनच्या दरबारात जाणारी याहून कडक स्टाऊट लंडनमध्ये बनत असे. पोर्टर आपल्याकडेही आली होती. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या शिपायांसाठी तिची लाकडी पिंपे केपला वळसा घालून मुंबई बंदरात उतरत.

इथे एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा. नेहमीची मोठी बाटली साडेसहाशे मिलिलिटरची आणि पाच टक्क्यांची धरली, तर तिच्यात साडेबत्तीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क येतो. आमच्या समोरच्या या चिमुकल्या बाटलीत छत्तीस मिलिलिटर होता. म्हणजे अर्ध्या आकाराची बाटली मोठ्या बाटलीपेक्षा भारी. बाटलीच्या उंचीवरून कडकपणा ठरवणारा माणूस इथेच फसतो.

पिंप काय करते

लोणचे ज्या बरणीत मुरते तिची चव लोणच्याला लागत नाही. चिनी मातीची बरणी काही देत नाही आणि काही घेतही नाही. लाकडी पिंप तसे नाही, ते देतेही आणि घेतेही. वाईनचे नेहमीचे पिंप सव्वादोनशे लिटरचे, ओक झाडाच्या फळ्यांचे. फळ्या वाकवण्यासाठी आतून विस्तवावर शेकतात. त्या शेकण्याने लाकडात व्हॅनिलाचा, लवंगेचा गंध तयार होतो. ओकच्याच अंगात एक द्रव्य असते, त्याचा वास ओल्या खोबऱ्यासारखा येतो. शिवाय लाकडाचा तुरटपणा उतरतो आणि फळ्यांच्या छिद्रांतून हवा अगदी थेंबाथेंबाने आत शिरते.

तीन-चार वेळा वाईन भरली की पिंपातला हा कस कमी होतो. वाईनवाल्याला ते पिंप मग फारसे उपयोगी राहत नाही. पण फळ्यांत वाईन खोलवर मुरलेली असते. असे जुने पिंप बिअरवाला घेतो आणि त्यात कडक काळी बिअर भरून ठेवतो. सभासदांनी इथे थोडे थांबून विचार करावा. एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचा कच्चा माल. चिपाडावर वीज, मळीवर मद्यार्क, प्रेसमडवर खत हे आपण करतोच. त्यातलाच हा प्रकार.

ही पिंपे पाहायला परदेशी जायला नको. नाशिकला सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ ही वाईन ओकच्या पिंपात मुरते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली हा वाईन उद्योग आहे. त्यांची सेट्टे नावाची लाल वाईन फ्रेंच ओकमध्ये मुरवतात. ज्या तीन घराण्यांनी तो उद्योग उभा केला त्यांत एक अकलूजचे मोहिते-पाटील, म्हणजे सहकारी साखरेतलेच घराणे. उसाच्या मुलखात ओकची पिंपे आली ती अशी.

तपासणीच्या पायऱ्या

आम्ही जे केले ते क्रमाने देतो. हीच रीत काकवीला, मधाला, आमरसाला आणि कोकम आगळालाही लागू आहे.

१) ऊन आणि थंडी. बर्फगार केले की वास बसतो आणि जीभ बधिर होते. असा कडक माल बारा ते चौदा अंशांवर तपासावा. रत्नागिरीच्या उकाड्यात फ्रीजमधून काढून पाव तास ठेवले तेवढे पुरले.

२) भांडे. तोंडाशी निमुळता काचेचा पेला घ्यावा म्हणजे वास कोंडून राहतो. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. प्रत्येकाला चाळीसेक मिलिलिटर पुरे.

३) पाहणे. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरला. मध्यभागी काजळासारखा काळा, कडेला मात्र गडद लाल, आमसुलाच्या पाण्यासारखा. फेस तपकिरी आणि थोडाच. मद्यार्क जास्त आणि मुरवण लांबली की फेस कमी टिकतो. त्यामुळे तो दोष धरला नाही.

४) हुंगणे. आधी पेला न हलवता हुंगावे, मग गोल फिरवून हुंगावे. दोन वासांमध्ये आपल्याच मनगटाचा वास घ्यावा, नाक ताजे होते. पहिल्या वासाला भाजलेले आले, कॉफी आणि करपलेल्या भाकरीचे. फिरवल्यावर गोड आणि फळांचे आले.

५) घोट. अर्धा चमचा पुरे. लगेच गिळू नये, जिभेभर फिरवावे आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. आधी गोड, मध्ये आंबट, शेवटी कडू आणि तुरट असा क्रम आम्हाला लागला. दाटपणा उसाच्या रसाहून जास्त, काकवीहून बराच कमी.

६) मागची चव. गिळल्यावर घड्याळ पाहावे. चांगला माल अर्धा-पाऊण मिनिट तोंडात राहतो आणि साफ जातो. भिकार माल एक तर लगेच जातो, नाही तर घशात खवखव ठेवून जातो.

७) लिहिणे. ही सर्वांत महत्त्वाची पायरी. प्रत्येकाने न बोलता आपापल्या कागदावर लिहायचे, मगच वाचायचे. पहिला मोठ्याने बोलला की बाकीच्यांना तोच वास येऊ लागतो. पंचाच्या आधी पुढाऱ्याने बोलू नये, तसेच हे.

कागद वाचले तेव्हा मजा आली. कुणी जांभूळ लिहिले, कुणी करवंद, कुणी भाजलेली काजू बी. एका भगिनीने लिहिले, "जुन्या लाकडी कपाटातला खोबऱ्याचा वास." ओकची माहिती तिला त्याआधी कुणी दिलेली नव्हती. या मालाचे जाणकार मनुका, चेरी, चॉकलेट असले शब्द वापरतात. आपण चेरी झाडावर पाहिलेली नाही, तर ती कशाला लिहावी? आपल्या जिभेची बाराखडी आपल्याच परसात आणि शिवारात आहे.

आबांचे नाक

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. काकवीचा वास येतो का? आम्हा पाचही जणांच्या कागदावर काकवी होती. आबांनी हंगामामागून हंगाम गुऱ्हाळावर गुळव्याचे काम केले आहे. काहिलीवरची वाफ हुंगून आदण कधी उतरवायचे हे ते सांगत. त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, "ही काकवी न्हाई. काहिलीच्या कडंला जी लागून करपती, खरवडून टाकतो ती, तिचा वास हाय. काकवी लई आधी उतरती. आन् वरनं करवंदाचं पाणी मारल्यागत आंबट."

शास्त्र हेच सांगते. साखर आणि दाण्यातली किंवा रसातली प्रथिनांची द्रव्ये एकत्र तापली की तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होतो. काकवीत, गुळात, भाकरीच्या पापुद्र्यात आणि भाजक्या जवात घडणारी क्रिया एकाच कुळातली. पण काकवी एकशे पाच-सहा अंशांवर उतरते, गूळ एकशे अठराच्या आसपास, आणि काळा जव दोनशे अंशांच्या वर भाजला जातो. कूळ एक, पण गाव पुष्कळ पुढचे. आम्ही पाच जणांनी कूळ ओळखले. आबांनी गाव ओळखले, तेही एक थेंब तोंडात न घेता.

भाचा खूश होऊन म्हणाला, "आबा, आता एक घोट घ्याच, चव सांगा." आबांनी पेला खाली ठेवला. "माझा धाकटा ह्यातच गेला पोरा," एवढेच ते म्हणाले. "गुऱ्हाळाचा हिशेब झाला की तो आधी गुत्त्यात जायचा, मग घरला. वास घेतला, बास झालं." कुणी काही बोलले नाही. वहिनींनी त्यांच्यापुढचा पेला उचलला आणि कोकम सरबत आणून ठेवले.

हे लिहावे की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. लिहायचे ठरले, कारण ते वगळले तर धडा खोटा होईल. आपल्या भागात कितीतरी घरे उसाच्या बिलाच्या दिवशी सुखाने जेवत नाहीत. गावोगावच्या भगिनींनी मतदानाने बाटली आडवी केली ती हौसेने नव्हे. तेव्हा तपासणी आणि व्यसन यांत रेघ कुठे आहे हे स्पष्ट असावे. तपासणारा चाळीस मिलिलिटर घेतो, लिहितो आणि उठतो. त्याला नशा चढली तर त्याची तपासणी रद्द समजावी. आणि ज्याला घोट नको त्याचे काही अडत नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा वासाचाच असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून गुळाचा खडा तोंडात टाका. नुसते गोड लागेल. नाक सोडा, गूळ लागेल.

दोष कसे ओळखावेत

गुण सांगणे सोपे, पण तपासनिसाची किंमत दोषात आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मालाला हवा जास्त लागली. शिरक्याचा झणका आला तर आम्ल तयार करणारे जंतू शिरले. नखरंगासारखा वास आला तर ते आणखी पुढे गेले. लोण्याचा वास म्हणजे किण्वाला काम पुरे करू दिले नाही. घोड्याच्या तबेल्याचा वास म्हणजे लाकडात राहणारे रानटी किण्व. वाईनच्या जुन्या पिंपात ते पुष्कळदा असते, आणि थोडे असले तर काही जण गुण मानतात.

आमच्या बाटलीत पेला कोमट झाल्यावर शेवटी शिरका पुसटसा जाणवला. पाचांपैकी तिघांनी तो लिहिला होता. म्हणून आम्ही तिला दहापैकी सात गुण दिले. भाच्याने महाग घेतली होती, त्याचा चेहरा जरा उतरला. पण गुण किमतीला द्यायचे नसतात, मालाला द्यायचे असतात.

आपला हिशेब

दौऱ्याहून परतताना गाडीत विषय निघाला, आपणही मद्यार्क पिंपात मुरवून विकावा का? टनभर उसामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी आणि टनभर मळीमागे सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क धरला, तर उसाच्या टनामागे दहाएक लिटर होतो. पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला केंद्र सरकारने ठरवलेला दर मिळतो, आणि तिथे एक लिटर दुसऱ्या लिटरसारखाच. त्याला कुणी हुंगत नाही. रम हीदेखील मळीचीच. ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे आणि तिचे नाव मुरवण्यावर चालते. तेव्हा कल्पना चुकीची नाही.

पण पिंप भाडे मागते. लाकडातून माल उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत दरसाल दोन टक्के, तर बंगलोरला व्हिस्की मुरवणाऱ्यांचा अनुभव दहा-बारा टक्क्यांचा. दहा धरले तर सव्वादोनशे लिटरच्या पिंपात तीन वर्षांनी एकशे चौसष्ट लिटर उरतो, एकसष्ट लिटर हवेत. स्कॉटलंडला तेवढ्याच काळात तेराच लिटर जातो. दमट किनाऱ्यावर पाण्यापेक्षा मद्यार्क जास्त उडतो, म्हणून कडकपणाही उतरतो. बिअर तर उघड्या उकाड्यात ठेवताच येत नाही, बारा महिने थंड कोठार लागते. तीन वर्षे अडकलेल्या पैशावर व्याज कोण भरणार? ऊसबिल वेळेवर मिळावे ही ज्यांची पहिली मागणी, त्या सभासदांनी याचे उत्तर आधी द्यावे. आमच्या मते पिंप हे आज आपले काम नाही.

चव तपासणे मात्र आजच आपले काम आहे. रत्नागिरीत आम्ही पाहिले, काजूच्या किलोभर बीमागे सहा-आठ किलो बोंडू निघते आणि बहुतेक झाडाखालीच कुजते. शेजारच्या गोव्यात त्याच बोंडूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ साली मिळाले. पण मानांकन कागदावर राहते. गूळ काकवीच्या कडेचा करपट आहे की खमंग, हे अडत्याच्या सौद्यात अडत्यालाच कळत असेल आणि आपल्याला नसेल, तर मानांकनाचा फायदा त्याचाच.

घरचा अभ्यास

यासाठी बाटलीची गरज नाही. दोन गुऱ्हाळांची काकवी घ्यावी. तीन सारख्या वाट्या मांडाव्यात. दोन वाट्यांत एक काकवी, तिसरीत दुसरी, सारखी पातळ केलेली आणि सारखी कोमट. वाट्यांखाली खूण करावी. चाखणाऱ्याने वेगळी वाटी ओळखायची. घरात आणि शेजारी मिळून नऊ जणांना बसवावे. नुसत्या अंदाजाने तिघांचे बरोबर येईल. सहा किंवा अधिक जणांचे बरोबर आले तरच फरक खरा समजावा. मग फरक कशाचा, ते आपल्या शब्दांत वहीत लिहावे.

आपापल्या वह्या हंगाम सुरू होण्यापूर्वी गट ऑफिसात आणून दाखवाव्यात, आम्ही सगळ्या एकत्र वाचू. तपासणीच्या काकवीची पहिली वाटी द्यायचे आबांनी कबूल केले आहे.